लुबुक आराची मोजणी

गुरुवार, ३ जुलै २०२५

डायरी लिहायची सवय सुटून वीसेक वर्षं झाली असतील. आज ऑफिसमधून येताना पुंगोलच्या दुकानातून ही वही घेतली, कारण काही गोष्टी घरात बोलून दाखवण्यासारख्या नसतात. नवऱ्याला, यशोधनला सांगितलं तर तो म्हणेल, “स्मिता, तुझ्या पोटात दुखतंय.” माझ्या पोटात अजिबात दुखत नाहीये. नोंद असावी म्हणून लिहिते, इतकंच.

तर नोंद. आज सकाळी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात आमच्या साहेबीणबाई वेई लिंग यांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की समुद्रापलीकडच्या कालिमांतानच्या जंगलांचं काम यापुढे जान्हवी बघणार. टाळ्या झाल्या. कुणीतरी पांदान केक आणला होता. पहिला तुकडा मला दिला, ‘मेंटॉर’ म्हणून. गोड मला आवडत नाही हे अकरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सासूबाईंना आमचं ऑफिस काय करतं हे अजून कळलेलं नाही, तेव्हा एकदा सोपं करून लिहून ठेवते. जी गावं आपलं जंगल राखून आहेत त्यांच्याशी आम्ही तीस-तीस वर्षांचे करार करतो. जंगल कार्बन धरून ठेवतं, आणि इकडच्या धूर सोडणाऱ्या कंपन्या त्याबद्दल गावाला मोबदला देतात. पण त्याआधी जंगलात कार्बन किती हे मोजावं लागतं, आणि मोजायचं म्हणजे माणसाने आत जाऊन एकेका झाडाला टेप गुंडाळायची. ते काम मी सात वर्षं केलं. जळवा, मलेरिया, सगळं करून झालं. मग उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गेली चार वर्षं मी खुर्चीवर बसून दुसऱ्यांनी मोजलेलं तपासते.

जान्हवीला मीच आणलं. शंभरेक अर्जांतून निवडलं. गडचिरोलीकडची मुलगी, वडील वनखात्यात रोजंदारीवर मजूर, ही शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत डेहराडूनपर्यंत गेलेली. मला कौतुक वाटलं होतं. मीटिंगमध्ये कसं बसायचं, ईमेलचा शेवट कसा करायचा, मराठीसुद्धा कुठे कसं बोलायचं, सगळं मी शिकवलं. आता ती तेहतीस वर्षांची आहे. बुकित पंजांगला एका खोलीत राहते आणि एलआरटीतून येता-जाता मलय भाषा शिकते. मला मलय ‘तेरिमा कासी’च्या, म्हणजे ‘धन्यवाद’च्या पुढे आलं नाही, पण मला कधी गरजच पडली नाही.

रविवार, ६ जुलै

निघण्याआधी जान्हवी जेवायला आली. मीच बोलावलं, नाहीतर वाईट दिसलं असतं. पुरणपोळी करणार होते, मग म्हटलं एवढं काय, वरणभात आणि बटाट्याची भाजी बास झाली. तर ती येताना डब्यातून वांग्याचं भरीत घेऊन आली, आणि यशोधनने माझ्या भाजीकडे बघितलंसुद्धा नाही.

यशोधन बँकेत सॉफ्टवेअर बघतो. जंगल त्याने बुकित तिमाहच्या पायवाटेवरून पाहिलंय तेवढंच. त्याने तिला विचारलं, “मला एक सांग, तुमच्या त्या गावातले लोक झाडं तोडतात म्हणे. मग जंगल राखतात कसलं?”

“तोडतातच ना, सर,” जान्हवी म्हणाली. “वर्षाला अकरा झाडं. कोणती ते सगळे बसून ठरवतात, आणि तोडलेल्या जागी रोपं लावतात. घरं त्याच लाकडाची. मध तिथलाच, वेत तिथलाच. आमच्याकडं बांबूचं असंच आहे. जंगलातून गावाला काही भेटलंच नाही, तर गाव काहून राखीन त्याला? अन् गावानं सोडलं का बाहेरचा येऊन सगळंच कापून नेते.”

यशोधन म्हणाला, “वा! इतक्या सोप्या शब्दांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

हे उत्तर माझं आहे. ‘काहून’ सोडलं तर शब्दन् शब्द माझा. मी हे त्याला आमच्या लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा तो क्रिकेट बघत होता.

अवनी तर तिच्या अंगाला चिकटून बसली होती. चौदा वर्षांची घोडी. जान्हवी गेल्यावर मला म्हणते, “आई, शी इज सो कूल, लाह. हाऊ कम यू नेव्हर टेल मी ऑल धिस?” अवनी लहान असताना मी रोज जंगलाच्याच गोष्टी सांगायचे. ती ऐकता ऐकता झोपून जायची, याला मी काय करणार?

चपला घालता घालता जान्हवीने विचारलं, “ताई, पाक रुस्लानला काही निरोप देऊ का तुमचा?” पाक रुस्लान म्हणजे लुबुक आराचे गावप्रमुख. ते गाव सहा वर्षांपूर्वी मी शोधलं, नदीतून नऊ तास होडीने जाऊन. आता माझा निरोप ती देणार.

म्हटलं, “सांग, स्मिताने आठवण काढली.”

बुधवार, ९ जुलै

जान्हवी लुबुक आराला पोचली. पाक रुस्लानने माझी चौकशी केली का, हे मी विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलंही नाही.

बुधवार, १६ जुलै

आज डोकं फिरलं. आमच्याकडे झाडांची मोजमापं भरायला एक एक्सेल शीट आहे. झाडाचा आकडा टाकायचा, कार्बन बाहेर येतो. ती मी नऊ वर्षांपूर्वी बनवली, आणि ऑफिसात सगळे, अगदी वेई लिंगसुद्धा, तिला ‘स्मिता शीट’ म्हणतात. आतली सूत्रं मी कुलूपबंद ठेवली आहेत आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे, कारण ही हल्लीची मुलं कशालाही हात लावतात.

तर जान्हवीचा मेसेज: “ताई, या वेळी नवीन टेप आणली आहे. तिचं रीडिंग शीटमध्ये तसंच टाकू ना? का काही बदलावं लागेल?”

गेल्या चार वर्षांत कुणी विचारलं नाही. हिला पद मिळून तेरा दिवस झाले नाहीत तर माझ्या शीटमध्ये काय बदलावं लागेल ते विचारते. मी लिहिलं, “शीट नऊ वर्षं चालतेय. आहे तशी भर.”

“ओके ताई,” आणि वर एक अंगठा.

शुक्रवार, २५ जुलै

जान्हवीने ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले. पायऱ्यांवर बायका बसल्यात, मध्ये ही, मांडीवर कुणाचंतरी तान्हं बाळ. खाली लिहिलंय, ‘गाव मला इबू जानी म्हणतं.’ तिकडे बाईमाणसाला मानाने इबू म्हणतात. सहा वर्षांपूर्वी मी इबू स्मिता होते. मला कुणी बाळ दिलं नव्हतं, पण मी मागितलंही नव्हतं.

फोटोंखाली तिने जे लिहिलंय ते मात्र गंभीर आहे. कागदासाठी अकेशियाचे मळे लावणारी एक कंपनी गावात येऊन गेली. सगळं जंगल साफ करून सरळ रांगांत अकेशिया लावायचा, तरुणांना नोकऱ्या द्यायच्या. गावात दोन तट पडलेत. ऑगस्टअखेर गावसभा आहे, तीत संमती द्यायची की नाही ते ठरणार. पाक रुस्लान म्हणाले, “तुमच्या कराराचं पत्र हातात असलं तर मी मुलांना थांबवू शकेन. रिकाम्या हाताने नाही थांबवता येणार.” वेई लिंगने लगेच उत्तर दिलं, “मोजणी आली की पंधरा दिवसांत पत्र.”

म्हणजे सगळं मोजणीवर. आणि मोजणी तपासणार मी. हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

मोजणी आली. चारशे बारा झाडं. शीट चालवली आणि पडद्याकडे बघतच राहिले. एवढ्या सगळ्यांतली एकशे एकतीस झाडंच धरण्याजोगी निघाली. दहा सेंटीमीटरपेक्षा बारीक खोड आम्ही धरत नाही, त्यामुळे बाकीची आपोआप गळली. कार्बन तर अपेक्षेच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. हे जंगल नाही, झुडपं आहेत.

मी उठून पाणी प्यायले. खरं लिहायचं तर मला हसू येत होतं. लोकांच्या प्रेमात पडली की असं होतं. बाळं मांडीवर घेतली, भरीत केलं, आणि मोठी झाडं गावाने कधी कापून विकली याचा पत्ता नाही. म्हणे वर्षाला अकरा.

आकडे दोनदा बघितले. तेच आले.

घरी येताना एमआरटीत बसायला जागा मिळाली आणि गुडघा दुखला नाही. अवनीसाठी तिला आवडतो तो बबल टी घेतला. “व्हॉट हॅपन्ड, आई?” म्हणाली. काय होणार?

गुरुवार, ७ ऑगस्ट

तपासणीचा अहवाल पूर्ण केला. एकही वावगा शब्द वापरलेला नाही. ‘क्षेत्रप्रमुखांचा उत्साह समजण्यासारखा असला तरी’ असं एका ठिकाणी आहे, तेही मी आधी ‘भाबडा उत्साह’ लिहिलं होतं त्यातला ‘भाबडा’ काढला. हे काम वैयक्तिक नाही. उद्या या करारावर एखादी विमान कंपनी विसंबून राहिली आणि तिथे झाडंच नसली, तर सगळ्या धंद्याची अब्रू जाईल. जंगलांच्या नावावर असले फुगे खूप फुटलेत. कुणीतरी कठोर व्हायलाच हवं.

यशोधनला वाचायला दिला. तो म्हणाला, “तिला आधी फोन करून विचारलंस का?”

“तपासनिसाने फोन करायचा नसतो.”

“आपल्या जयपूरच्या ट्रिपच्या वेळी तर त्या व्हिएतनामच्या मोजणीवाल्या पोराला तू तीन फोन केलेस.”

व्हिएतनामची गोष्ट वेगळी होती.

बुधवार, १३ ऑगस्ट

बैठक झाली. जान्हवी व्हिडिओवर होती, चित्र अडकत होतं. वेई लिंगने मला विचारलं, “सॅटेलाइटवर तर दाट हिरवं दिसतंय?” मी सांगितलं, वरून पानं दिसतात, खोडं दिसत नाहीत. बारीक झाडांनाही पानं असतात.

जान्हवी इंग्रजीत म्हणाली, “मी या झाडांच्या खाली महिनाभर झोपले आहे. हे जंगल जुनं आहे.”

मी म्हटलं, “डोळ्यांनी कार्बन मोजता येत नाही, जान्हवी.” हे मी मराठीत म्हटलं, का ते ठाऊक नाही. मग सगळ्यांसाठी इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

मला वाटलं आता ती भांडेल, माझ्या शीटवर घसरेल. त्याची तयारी मी करून गेले होते. तर म्हणाली, “ताईंनी तपासलंय म्हणजे माझंच काही चुकलं असेल. मला पुन्हा मोजू द्या. रजा टाकून मोजते.”

वेई लिंगने प्रकल्प थांबवला. बैठकीनंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाली, कालिमांतानचं काम तूर्त तू बघ, इथूनच. बाहेर आल्यावर मी जिना उतरून खाली नदीकाठी गेले आणि बराच वेळ उभी राहिले. हेच हवं होतं ना मला? हवंच होतं, आणि मिळालं ते माझ्या कामावर मिळालं.

फक्त तिने भांडायला हवं होतं. ‘ताईंनी तपासलंय म्हणजे’ हे वाक्य तिने मुद्दाम टाकलं, वेई लिंगसमोर चांगलं दिसायला. मी असते तर हेच केलं असतं.

रविवार, १७ ऑगस्ट

अवनी दोन दिवस धड बोलत नाहीये. आज वॉटरवेवर फिरायला नेलं तर मध्येच म्हणाली, “यू वॉज द वन हू सेड नो, आह?”

“मी नाही म्हटलं नाही. आकडे नाही म्हणाले.”

“जान्हवीताई सेज द व्हिलेज लेडीज आर हेल्पिंग हर मेजर अगेन. फॉर फ्री.”

म्हणजे या दोघी एकमेकींना लिहितात. माझ्या मुलीला वाढदिवसाला मी नवा फोन दिला तो यासाठी.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

जान्हवीची दुसरी मोजणी आली. सगळं पुन्हा मोजलंय, आकडे हुबेहूब पहिल्यासारखे. अर्थात उत्तरही तेच. मी तिला लिहिलं, “बघ, तेच आलं. आता मनाला लावून घेऊ नकोस, परत ये.” हे मी चांगुलपणाने लिहिलं होतं. निदान लिहिताना तसं वाटत होतं.

तिचं उत्तर: “सभा होईपर्यंत थांबते, ताई. महिनाअखेरीस आहे, पण कंपनीवाले घाई करून राहिले. मी नसली तर पाक रुस्लान एकटे पडतील.”

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती, म्हणून आज रजा. अवनी शाळेत, यशोधन ऑफिसात. सकाळी सामानाची यादी बघायला घरातला आयपॅड उघडला तर त्यावर अवनीचे मेसेज उघडेच होते. बघायला नको होतं, पण बघितले. दोघींचं एवढं लिहिणं! माझ्या मुलीने मला वर्षभरात इतकं लिहिलं नसेल. परीक्षा, पिंपल्स, कोणत्यातरी मैत्रिणीचं भांडण, सगळं तिला.

त्यात कालचा एक फोटो होता. जान्हवी एका झाडाला मिठी मारून उभी आहे. मी तो मोठा करून बघितला. कशासाठी, तर ती रापलीय का, थकलीय का हे बघायला. रापलीय. तरीही चांगली दिसते. मग तिचे हात बघितले. पूर्ण पसरलेत. पलीकडून एका बाईने हात घातलेत, तेव्हा कुठे दोघींची बोटं एकमेकींना लागलीत. आणि तिच्या खांद्याच्या वर, खोडाला ठोकलेली मोजणीच्या नंबराची पत्र्याची चकती. ११७.

लॅपटॉप काढला. झाड क्रमांक ११७. जान्हवीने भरलेला आकडा ८४. माझी शीट त्या झाडाची जाडी सांगत होती सत्तावीस सेंटीमीटर. आमच्या वरणाच्या पातेल्याएवढी. दोन बायकांच्या कवेत जेमतेम मावणारं झाड.

मला कळायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मी शिकले चंद्रपूरच्या जंगलात, वनखात्याच्या माणसांबरोबर. तिथे झाडाची गोलाई मोजायचे, म्हणजे टेप गुंडाळून भरेल तो घेर. शीट बनवताना मी तेच डोक्यात धरलं. घेर टाकायचा, आत सूत्र त्याला ३.१४ ने भागून जाडी काढतं. माझ्या लोकांकडे साधीच टेप असायची, म्हणून नऊ वर्षं बिघडलं नाही. जान्हवीची नवी टेप गुंडाळली की सरळ जाडीच दाखवते. तिने जाडी भरली आणि माझ्या शीटने त्या जाडीला पुन्हा ३.१४ ने भागलं. चारशे बाराच्या चारशे बारा झाडांना.

आणि तिने विचारलं होतं. मी मागची पानं उलटून पाहिली. १६ जुलै.

घड्याळात तेव्हा दहा वाजले होते. हातात सुपारी होती, ती कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही.

सांगायचं आहेच. पण फोनवर हे नीट सांगता येत नाही, आकडे समोर लागतात. आधी सूत्र दुरुस्त करून सगळं पुन्हा चालवून बघायला हवं, नाहीतर चुकीवर चूक व्हायची. उद्या घरात गणपती. परवा वेई लिंगला समोरासमोर सांगेन. सभा महिनाअखेरीस आहे, पाच दिवस हातात आहेत. दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

अकरा वाजता जान्हवीचा फोन आला होता. पाऊण वाजता पुन्हा. उचलला नाही. रडगाणं असणार, आणि मला तांदळाची पिठी आणायला टेक्का मार्केटपर्यंत जायचं होतं.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. एकवीस मोदकांतले चौदा फुटले, यशोधन म्हणाला काही हरकत नाही. आरतीला माझा आवाज लागेना. घसा बसलाय.

जान्हवीचा आज फोन नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

सांगितलं. वेई लिंगला सकाळी नऊ वाजता गाठलं. म्हटलं, मला चैन पडेना म्हणून पुन्हा तपासलं, तेव्हा नव्या टेपचा आणि शीटचा मेळ बसत नसल्याचं लक्षात आलं. शीट कुणाची हे तिने विचारलं नाही, तिला ठाऊकच आहे. दुरुस्त आकडे बघून ती खुर्चीवरून उठली. आम्ही आजवर मोजलेल्या जंगलांमध्ये लुबुक आरा पहिल्या तिनांत येतं.

म्हणाली, “धिस इज व्हाय आय ट्रस्ट यू, स्मिता. दुसरं कुणी असतं तर आपला अहवाल पुन्हा उघडला नसता.”

दुपारी तीनपर्यंत पत्र गेलंसुद्धा. मला खूप हलकं वाटलं. मग मन मोठं करून जान्हवीला फोन लावला. लागला नाही. मेसेज टाकला: “चूक सापडली. तुझी मोजणी बरोबर होती. करार होतोय.”

शुक्रवार, २९ ऑगस्ट

जान्हवीचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवते.

“ताई, पत्र भेटलं. पाक रुस्लान वाचून खूप वेळ बसले. सभा मंगळवारीच झाली, कंपनीवाल्यांनी आधी ओढली. नदीच्या पूर्वेकडच्या जंगलाची संमती देऊन टाकली गावानं. मधाची सगळी झाडं तिकडंच होती. सही झाली, आता मागं घेता येत नाही. पश्चिमेकडचं राहिलं, त्याचा करार आपल्यासोबत करतील. ताई, तुम्ही पुन्हा तपासलं नसतं तर हेही गेलं असतं. थँक्यू.”

हा थँक्यू मी चार वेळा वाचला. आणि सभा मंगळवारी.

ऑफिसात वेई लिंगने सगळ्यांना सांगितलं, अर्धं जंगल स्मितामुळे वाचलं. टाळ्या झाल्या. या वेळी माझ्यासाठी. ३ जुलैला मला हेच हवं होतं, आणि आज मी टॉयलेटमध्ये जाऊन पंधरा मिनिटं बसून राहिले.

११७ नंबर नदीच्या कोणत्या बाजूला आहे ते नकाशावर बघितलं. पूर्वेला.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज दुपारी जान्हवीचा फोन आला. रेंजसाठी ती टेकडीवर चढून आली होती, दम लागला होता. आवाज थकलेला, पण माझ्यावर राग कुठेच नाही. नदीच्या पलीकडे यंत्रं उतरलीत म्हणाली. बायका त्याआधी जाऊन मधाची पोळी जमेल तेवढी उतरवतायत. ती वेई लिंगला माझ्याबद्दल लिहिणार आहे म्हणे, की ताईंनी स्वतःच्या अहवालाविरुद्ध जायची हिंमत केली, असं कोण करतं.

मी ऐकत होते. एवढं सगळं होऊनही मला तिचा हेवाच वाटत होता. आधी तिच्या पायांचा वाटायचा, भाषेचा, मांडीवरच्या त्या बाळाचा. आज तिच्या मनाचा वाटला. तिच्या जागी मी असते तर ‘ताईं’ना फाडून खाल्लं असतं.

“एकच वाईट वाटून राहिलं, ताई,” ती म्हणाली. “मंगळवारी मी तुम्हाला दोनदा फोन लावला. पाक रुस्लान म्हणत होते, ऑफिसचं एक वाक्य सांग सभेत, ‘अजून तपासून राहिलो, थोडं थांबा,’ एवढंच. तेवढ्यावर मी थांबवतो म्हणाले सगळ्यांना. पण तुम्ही तरी काय सांगणार होत्या? तुम्हाला तेव्हा कुठं काही माहीत होतं?”

यशोधन सोफ्यावर पेपर वाचत होता. अवनी टेबलावर गृहपाठ करत होती, आणि जान्हवीचं नाव ऐकून तिने मान वर केली होती. मी गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. ‘नव्हतंच माहीत’ म्हणून विषय संपवता आला असता. कुणालाही कधी कळलं नसतं, या वहीशिवाय.

“माहीत होतं,” मी म्हटलं.

मला वाटलं रेंज गेली.

“जान्हवी?”

“केव्हापासून?”

“मंगळवारी कळलं मला. चूक माझ्या शीटमध्ये होती, आणि मी सांगितलं नाही. गुरुवारपर्यंत थांबले.”

“मंगळवारी किती वाजता?”

खोटं बोलता आलं असतं. संध्याकाळी म्हणता आलं असतं.

“सकाळी दहा,” मी म्हटलं.

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ती मनाशी काहीतरी मोजत असावी.

“तुमचे दहा म्हणजे आमचे नऊ,” ती म्हणाली. “सभा दोनला होती.”